खाली आणलेला नमुना

माझी मुलगी दगड चाटायची. लहानपणी नव्हे, कॉलेजात गेल्यावर.

सुट्टीला घरी आली की ती खाणीच्या कडेनं हिंडायची. काळ्या दगडाचा एखादा गोटा उचलायची, बापाच्या सुतकीनं, त्या जड हातोडीनं, फोडायची, फुटलेली बाजू जिभेनं ओली करायची आणि डोळ्याला भिंग लावून बघत बसायची. वस्तीतल्या बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

"काय गं अंबे, घरातलं मीठ संपलं का?" मी विचारायचे.

"अम्मा, दगडाचं वरचं तोंड खोटं असतंय," ती म्हणायची. "ऊनपाऊस लागून त्याच्यावर साय धरलेली असती. फोडला की खरा दगड दिसतोय, अन् ओला केला की आतले दाणे उघडे पडतेत. आमचे सगळे सर असंच करतेत."

"सगळे सर दगड चाटतेत?"

"सगळे."

"मग त्यांच्या बायका सैपाक कशाला करतेत?" मल्लेश मध्येच तोंड घालायचा. मल्लेश माझा धाकटा. तो तेव्हा नुकताच क्रशरवर लागला होता.

आम्ही वडार. सोलापूर-तुळजापूर रस्त्याला आमची वस्ती, वस्तीच्या मागे खाण. माझा नवरा हणमंता घण मारायचा, मी पाटीनं खडी वाहायचे. अंबिका बारावीला असताना तो गेला. शेवटचं वर्ष तो खाटेवर बसूनच झोपायचा, कारण आडवा पडला की श्वास पुरायचा नाही. खाणीवर याला खाणीचा दमा म्हणतात, पण तो दमा नव्हे. दगड फुटताना उडणारी बारीक धूळ छातीत खोल जाऊन बसते. शरीराला ती बाहेर काढता येत नाही, म्हणून ते तिच्याभोवती व्रण धरत जातं. व्रण वाढले की फुप्फुस वाळक्या चामड्यासारखं होतं आणि फुगायचं थांबतं. यावर तेव्हा औषध नव्हतं. आजही नाही.

बाप असा गेल्यावर पोरगी दगडापासून लांब पळेल असं मला वाटलं होतं. ती पुण्याला जाऊन दगडच शिकली. दख्खनच्या काळ्या दगडावर तिनं डॉक्टरेट मिळवली. मग एक दिवस फोन करून म्हणाली, "अम्मा, मला चंद्रावर घेतलंय."

"तिथं काय काम?"

"दगड फोडायचे."

मल्लेश पोट धरून हसला. "एवढं शिकून तेच का अक्का? खाणीवर ये की, मुकादमाला सांगतो."

पण ती खरंच सांगत होती. चंद्रावर जे काळे डाग दिसतात ते आपल्याच जातीच्या दगडाचे, लाव्हा थंड होऊन झालेले. त्याच्या दक्षिण टोकाला काही खड्डे इतके खोल आहेत की त्यांच्या तळाशी कधी ऊनच पडत नाही. तिथल्या दगडमातीत बर्फ अडकलेला आहे. बर्फाचं पाणी करायचं, पाण्यातून प्राणवायू आणि इंधन काढायचं, असं ते काम. एका कंपनीनं तिथं शिबिर घातलं होतं, पण तिची यंत्रं भलत्याच जागी भोकं पाडत होती. थर कुठून कुठं जातो आणि बर्फ कुठल्या दगडाखाली टिकला असेल, हे ओळखायला दगड वाचणारं माणूस लागतं. म्हणून यान चालवणाऱ्यांच्या जोडीला भूगर्भवाले घ्यायला लागले. अंबिकानं दोन वर्षं सराव केला. पाण्याच्या टाकीत बुडून काम केलं, गरगर फिरणाऱ्या पाळण्यात बसून स्वतःच्या चौपट वजन सोसलं, आणि गेली.

वरून ती रविवारी बोलायची. आमचा आवाज वर पोचायला सेकंदाहून थोडा जास्त वेळ लागायचा आणि तिचा खाली यायलाही तेवढाच. त्यामुळे प्रत्येक वाक्यानंतर मध्ये एक रिकामी जागा पडायची. आधी आधी आम्ही दोघी एकदमच बोलायचो आणि एकदमच गप्प व्हायचो. पुढे सवय झाली.

"तिथं कसं वाटतं गं?"

"हलकं, अम्मा. इथं माझं वजन सहावा हिस्सा. तुला उचलून कडेवर घेतलं असतं."

"आन् वास कसला येतो?"

"बाहेर वास न्हाई, हवाच न्हाई. पण आत आलं की कपड्यावर जी धूळ येती, तिला विझलेल्या फटाक्याचा वास येतोय. दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतोय तसा."

नियम असा होता की बाहेरून आणलेला दगड काचेच्या बंद पेटीत ठेवायचा. पेटीला भिंतीतूनच जाड हातमोजे बसवलेले. त्यांत हात घालून काय ते करायचं. अंबिकाला ते पटेना. "गोधडीच्या आतून हात घालून तांदूळ निवडल्यासारखं हाय," ती म्हणायची. "दाणे दिसत न्हाईत, हाताला कळत न्हाई." मग ती दगड पेटीबाहेर काढायची. टेबलावर ठेवून सुतकीनं फोडायची आणि फुटलेलं तोंड ओलं करायची. एकदा तिनं मला पडद्यावर तसा ओला दगड दाखवला. आतला प्रत्येक दाणा चमकत होता.

"हा दगड तीनशे कोटी वर्षांचा हाय अम्मा, अन् आत अजून कालच थिजल्यासारखा ताजा हाय. इथं पाऊस न्हाई, वारा न्हाई. कशानं झिजंल?"

तिला फार आनंद झाला होता. मलाही झाला. तिनं दाखवलेल्या जागी यंत्रांना बर्फ लागला, तेव्हा पेपरात तिचा फोटो आला. तिकडची माणसं सहा-सहा महिन्यांनी बदलायची. अंबिका मात्र मुदत वाढवून मागायची आणि कंपनी आनंदानं द्यायची. अशी चार वर्षं गेली.

पाचव्या वर्षी ती खोकायला लागली.

आम्हा दोघींनाही तो खोकला ओळखीचा होता. मग तीच म्हणाली, "व्हय अम्मा. तेच हाय."

जी गोष्ट तिला सुंदर वाटली होती, तिनंच घात केला होता. आपल्याकडची धूळ वाऱ्यापाण्यानं घासून गुळगुळीत होते, तरी ती माणूस मारते. तिथली कधी घासलीच जात नाही. तिचा एकेक कण फुटलेल्या काचेसारखा धारदार असतो. वजन सहावा हिस्सा असल्यामुळे ती लवकर खाली बसत नाही, हवेत तरंगत राहते आणि श्वासाबरोबर पार तळापर्यंत जाते. आणि नुकत्याच फोडलेल्या दगडाची धूळ तर सगळ्यात वाईट. दगड फुटताना तिच्या अंगात जी आग तयार होते, ती शांत व्हायला तिथं हवा नाही, ओल नाही. दगडाचं ताजं तोंड बघण्यासाठी अंबिकानं जेवढ्या वेळा सुतकी उचलली होती, तेवढ्या वेळा ते सगळं तिनं छातीत घेतलं होतं.

तरीही वर ती चालत होती, काम करत होती. छातीचा पिंजरा उचलायलाही जोर लागतो, आणि तिथं पिंजऱ्याचं वजन सहावा हिस्सा. अर्धं फुप्फुस गेलेलं माणूस तिथं जिना चढू शकतं. खाली येणं मात्र तिच्यासाठी उरलं नव्हतं. यान हवेत शिरताना काही मिनिटं माणसाच्या छातीवर त्याच्या चौपट वजन बसतं. कंपनीच्या डॉक्टरांनी सांगितलं, वर राहिली तर दोन-तीन वर्षं जगेल. उतरली तर बहुतेक वाटेतच जाईल.

मी म्हणाले, "मग वरच राहा. रविवारी दिसलीस तरी पुरे."

"बरं," ती म्हणाली.

ते तसंच राहिलं असतं. पण त्याच महिन्यात कंपनीनं जाहीर केलं की डॉ. अंबिका इरकर यांचा आजार चंद्रावरचा नाही. त्यांचं बालपण दगडखाणीवर गेलं आहे, वडील त्याच आजारानं वारले आहेत. ती धूळ त्यांनी घरूनच नेली होती. चंद्रावरची हवा कामगारांना सुरक्षित आहे. आणि लगेच नवी भरती निघाली. आता शास्त्रज्ञ नको होते, फोडणारे हवे होते, पगार खाणीच्या दहापट. मल्लेशनं अर्ज केला आणि तो निवडला गेला.

त्या रविवारी तो माझ्याशेजारी बसला होता, त्याची बायको भाग्या मागे उभी. तिला तेव्हा पाचवा महिना होता.

"मल्ल्या, तू येऊ नको," अंबिका म्हणाली.

"का? तू गेलीस तवा मी अडवलं का?"

"मला हितं झालंय हे. घरचं न्हाई."

"कंपनी म्हणती घरचं हाय."

"तुझा कंपनीवर विश्वास, अन् अक्कावर न्हाई?"

मध्ये ती रिकामी जागा गेली. मल्लेश मान खाली घालून म्हणाला, "अक्का, तू चंद्रावर बसून सांगायलीस की चंद्रावर येऊ नको. खाणीवर राहा म्हणतीस. खाणीत काय अत्तर उडतंय काय?"

"तुझ्या एकट्याचं न्हाई रे. वस्तीतली निम्मी पोरं अर्ज भरायलीत, भाग्यानं सांगितलं मला." आणि ती खोकत राहिली. पडद्यासमोरून उठून गेली, पण आवाज येतच होता. मल्लेश उठला नाही, पण त्याचं मतही बदललं नाही.

पुढच्या आठवड्यात अंबिकानं पुण्याच्या डॉक्टर नाझनीन मुजावर यांना आमच्या बोलण्यात घेतलं. मुजावर बाई फुप्फुसांच्या डॉक्टर. अंबिकाची कॉलेजातली मैत्रीण. अंबिकानं विचारलं, "नाझ, माझ्या छातीतली धूळ कुठली, हे सिद्ध करता येईल का?"

"येईल," बाई म्हणाल्या. "तुला माहितीच आहे. चंद्राच्या मातीवर सूर्याकडून येणाऱ्या कणांचा आणि बारीक उल्कांचा सतत मारा होतो. त्यानं तिच्या कणांवर काचेचा पातळ थर चढतो आणि त्या थरात शुद्ध लोखंडाचे अतिसूक्ष्म थेंब अडकतात. आपल्या खाणीच्या धुळीत ते कधीच सापडत नाहीत. फुप्फुसाचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की एका दिवसात निकाल. पण तो तुकडा मला इथं हवा. वर तशी शस्त्रक्रिया करायची सोय नाही, आणि कंपनी तिकडून काही नमुना पाठवेल असं मला वाटत नाही."

"कंपनी नमुना अडवंल. परत येणाऱ्या माणसाला अडवता येत न्हाई. करारात लिहिलंय, मागितलं की आणायचं."

मला कळायला वेळ लागला. कळलं तेव्हा मी म्हणाले, "अंबे, न्हाई."

"अम्मा, दगड खाली आणल्याशिवाय त्याची जात सांगता येत न्हाई."

"तू दगड न्हाईस."

रिकामी जागा गेली. मग डॉक्टर बाईंकडे वळून अंबिकानं पुढचं विचारलं. मुजावर बाई रडत होत्या, तरी उत्तर देत होत्या. त्या म्हणाल्या की कंपनी वकील लावेल. तुलनेला त्याच खाणीवर, त्याच काळात वाढलेल्या माणसाच्या छातीतली धूळ लागेल. छातीत थोडं पाणी सोडून परत ओढून घेतात, तेवढंच करायचं. जिवाला धोका नाही.

"मल्ल्या देईल," अंबिका म्हणाली.

मल्लेशनं दिली. "खोटी पडलीस तर मी जाणार," एवढंच तो म्हणाला.

"अन् खरी ठरले तर?"

"तर न्हाई जाणार. लेकराची आण."

यान समुद्रात उतरलं. आम्हाला बंदरावरच्या दवाखान्यात बसवलं होतं. बोटीवरून निरोप आला की तिला बाहेर काढलं तेव्हा ती जिवंत होती. दुसरा निरोप आला नाही, बोटच आली. मुजावर बाई बोटीवर होत्या. त्यांनी माझ्यासमोर येऊन हात जोडले.

अंबिकानं परवानगी आधीच देऊन ठेवली होती. त्यांनी त्यांचं काम केलं, मग तिला माझ्या ताब्यात दिलं. मी तिला अंघोळ घातली. पाच वर्षांत तिच्या पायांचं मांस उतरलं होतं आणि तोंड मात्र सुजल्यासारखं गोल झालं होतं. छातीवर डाव्या बाजूला टाके होते. मी त्यांच्यावर पाणी पडू दिलं नाही. का, ते मला सांगता येणार नाही. आता पडलं तरी काय होणार होतं?

वस्तीच्या मागच्या जागेत, हणमंताच्या शेजारी तिला माती दिली. मल्लेशनं खड्डा एकट्यानंच खणायचा हट्ट धरला. निम्म्यात त्याला धाप लागली. भाग्यानं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. उरलेला खड्डा इतरांनी खणला.

निकाल ऐकायला आम्ही पुण्याला गेलो. मुजावर बाईंनी पडद्यावर दोन चित्रं लावली. पहिल्यात राखाडी कणांवर काळे ठिपके होते, मोहरी सांडावी तसे. "हे लोखंड. ही चंद्राची धूळ. अंबिका खरं बोलत होती. आता यावर कुणीही वाद घालू शकत नाही."

मल्लेशनं डोळे पुसले. "मग मी न्हाई जात. शब्द दिला होता."

दुसऱ्या चित्राकडे बाईंनी बोट केलं नाही, पण ते समोरच होतं. त्यातही कण होते, पहिल्याइतकेच दाट. फक्त ठिपके नव्हते.

"हे माझं?" मल्लेशनं विचारलं.

"हो."

"म्हणजे मला बापाचा आजार हाय."

"सुरुवातीचा नाही, मल्लेश. मधला. क्रशर आजच सोड."

"सोडला तर बरा होईन?"

"नाही. हळू वाढेल."

परतीच्या गाडीत तो खिडकीबाहेर बघत होता. भाग्या त्याचा हात धरून बसली होती.

अंबिकाचा निकाल खरा ठरला, त्याचं फळही निघालं. सरकारी आयोग बसला आणि नियम झाला: निरोगी फुप्फुसाच्या माणसाला चंद्रावर सहा महिन्यांच्या वर ठेवायचं नाही, परत आणायचं, जन्मभर त्याची तपासणी करायची. आम्ही वस्तीत पेढे वाटले नाहीत, पण माझ्या मनाला वाटलं की पोरीनं काही तरी थांबवलं.

कंपनीनं नियम नीट वाचला. सारखी माणसं न्यायची-आणायची परवडत नव्हती. नियमात आजारी फुप्फुसाबद्दल काहीच नव्हतं. ज्याच्या छातीत आधीच दगड आहे, त्याला तिथं नवा आजार झाला असं कुणी म्हणणार नाही. तो वर गेला की त्याला श्वास सोपा जातो, तो काम करतो, खूश असतो. आणि त्याला खाली आणायचा प्रश्नच येत नाही, कारण तो उतरू शकत नाही. चढतानाचा ताण उतरतानाच्या निम्मा. मधल्या टप्प्याचा आजारी तो सोसतो. नव्या भरतीत अट आली: खाणकामाचा अनुभव, आणि छातीच्या फोटोत जुने व्रण.

मल्लेशनं मला घराबाहेर बोलावून सांगितलं. आत भाग्या बाळंतीण होती.

"तू आण घेतली होतीस," मी म्हणाले.

"आण साफ छातीच्या माणसाची होती, अम्मा."

"अक्का कशासाठी मेली रे?"

तो भिंतीला टेकला. दम घेत होता की विचार करत होता, कळत नव्हतं. मग म्हणाला, "हितं राहिलो तर लेकरू मला खाटेवर बसलेला बघंल, बाप्पासारखा. तिथनं निदान पडद्यावर उभा दिसंन. तूच सांग, कसला बाप बरा?"

मी आत जाऊन लेकराला मांडीवर घेतलं.

आता रविवारी मल्लेश बोलतो. "अम्मा, आज शिडी पळत चढलो," म्हणतो, आणि खरंच त्याचा चेहरा भरला आहे. भाग्या लेकराला पडद्यापुढं धरते. तो वरून टाळ्या वाजवतो. टाळ्या ऐकू येईपर्यंत लेकराचं लक्ष दुसरीकडं गेलेलं असतं.

कंपनीची छातीचा फोटो काढायची गाडी दर महिन्याला खाणीच्या तोंडाशी येऊन उभी राहते. पूर्वी अशी गाडी आली की माणसं लपायची. छातीत डाग निघाला तर मुकादम कामावरून काढील, ही भीती. आता पहाटेपासून रांग लागते. बाया नवऱ्यांना पुढं ढकलतात, खोकून दाखव म्हणतात. काही जण आठवडाभर आधी तोंडाचं फडकं काढून क्रशरच्या तोंडाशी उभे राहतात. मी रांगेपाशी जाऊन अंबिकाचं सांगते. ते ऐकून घेतात, मला मान देतात, बसायला दगड देतात. "मावशी, तुमच्या अंबिकामुळंच तर दार उघडलं," म्हणतात.

परवा वस्तीतल्या गुरव्वाचा नवरा गाडीतून उतरला आणि मान खाली घालून घरी निघाला. वाटेत गुरव्वा आडवी आली.

"काय झालं?"

"न्हाई घेतलं," तो म्हणाला. "छाती साफ निघाली."

गुरव्वा तिथंच खाली बसली आणि रडायला लागली.